आर्मेनियन चर्चमधले काळे तीळ

"मुलीच्या हातचं पाणी पितरांना पोहोचत नाही." काकांनी पुण्याहून फोनवर हे इतक्यांदा ऐकवलं होतं की त्यांचा नंबर दिसला तरी माझं डोकं तापायचं. मी एकुलती एक. आई गेल्यावर बाबांना सिंगापूरला, मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले, तेच काकांना रुचलं नव्हतं. बाबांनी पुण्याला परत यावं, म्हणजे पुढचं सगळं त्यांचा मुलगा रीतसर करेल, हा त्यांचा हेका. बाबा नुसतं हं हं करायचे. यांनाही पुतण्याच हवाय की काय, या विचाराने माझा जीव जळायचा.

एकदा बाबांना नोव्हेना भागातल्या डॉक्टरांना दाखवून येताना आम्ही हिल स्ट्रीटवरच्या आर्मेनियन चर्चमध्ये शिरलो. सवयीने दोघांनीही चपला पायरीशी काढल्या. बागेत जुन्या थडग्यांचे दगड होते. दफनभूमी मोडल्यावर नुसते दगड इथे आणले, खाली कुणी नाही, असं मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ तिथून हलेनात.

"व्यापाराला आले आणि इथेच राहिले बिचारे. यांना पाणी कोण देतं गं?"

"बाबा, ख्रिश्चन आहेत ते."

"म्हणून तहान लागत नाही होय?"

मला वाटलं, विषय संपला. कसला संपतोय! सर्वपित्री अमावास्येला स्वारी धोतर नेसून तयार. पिशवीत तांब्या, ताम्हन आणि काळ्या तिळांची पुडी. मी वैतागले, पण बरोबर गेले. चर्चच्या बागेत त्यांनी ताम्हन मांडलं न मांडलं तोच तिथली देखभाल करणारी चिनी बाई आली. आता ही हाकलणार, म्हणून मी पदर खोचूनच उभी राहिले. ज्यांचं मागे कुणी नाही त्यांनाही आम्ही आज पाणी देतो, एवढं मी इंग्रजीत सांगितलं. तिने एकदा दगडांकडे पाहिलं.

"गवतावर सोडा, ओके लाह," ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली आणि बाजूला थांबली.

बाबांनी तांब्या माझ्यापुढे धरला. "तू सोड."

"काहीतरीच काय! बाप जिवंत असताना मी काळ्या तिळांना हात लावायचा?"

"परक्यांसाठी आहे. रंगीत तालीम समज."

"बाबा!"

"यांना इथे कुठे पुतणे आहेत? यांना तुझ्या हातचं पोहोचलं, तर मला न पोहोचायला काय झालं?"

मला रडूच फुटलं. त्यांनी अंगठा आणि तर्जनीमधून पाणी कसं सोडायचं ते माझा हात धरून दाखवलं, लहानपणी पाटीवर अक्षर गिरवून घेतलं होतं तसंच. पुढच्या वर्षीही आम्ही गेलो.

तिसऱ्या वर्षी बाबा नव्हते. सर्वपित्रीच्या दिवशी सकाळीच काकांचा फोन आला.

"तू काही करू नकोस. सगळं तिकडे गुरुजींकडून होतंय. तुझ्या हातचं त्याला पोहोचायचं नाही, सांगून ठेवतो."

"तिकडेही करा, काका, ना नाही माझी. मी इथे करणार. पोहोचतं की नाही, ते वर गेलात की बाबांनाच विचारा."

फोन धाडकन बंद झाला. मी तांब्या भरून पिशवीत ठेवला आणि हिल स्ट्रीटची बस पकडली.