कावड खांद्यावर, ठिणगी प्लगला

खरं सांगतो, त्या सकाळी मी देवावर चिडलो होतो. ताईला सारनाथकडच्या एका शाळेत नोकरी लागली होती आणि अकराच्या आत जाऊन सही केली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होती. दिवस कुठला, तर सावनचा सोमवार. आमच्या दुर्गाघाटच्या मराठी घरात श्रावण अजून लागलाच नव्हता, पण उत्तरेकडच्या पंचांगानं शहराचा सावन पंधरा दिवस आधीच लागलेला, म्हणून कावडवाल्यांच्या गर्दीपायी मैदागिन चौकात ऑटो-बिटो सगळं बंद. जाईल तर फक्त बाईक. आणि माझी बाईक मेलेली.

आदल्या संध्याकाळी मी तिला बाजारातला नवा सीडीआय बसवला होता, म्हणजे प्लगला ठिणगी पाठवणारा तो काळा डबा. पहिल्या किकला सुरू! आमच्या मेकॅनिकचा आवाज काढून मी स्वतःलाच शाबासकी दिली. मग वाटलं, देवाचं राहिलं. डब्याची अर्थिंगची वायर फ्रेमवरून सोडवली, तिथं तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड गणपती काढला आणि वायर परत त्याच्या पोटावरच कसली.

सकाळी प्लग काढून इंजिनला टेकवला आणि किका मारमारून पाय दुखवून घेतला. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, स्विच तपासला, तरी नाही. ताई नव्या साडीत, हातात फाइल. "सगळ्यांच्या नकला करतोस ना? आता गाडीची कर, बसते पाठीवर," म्हणाली आणि तिचेच डोळे भरले. मनात जवळच्या देवळातल्या देवीला म्हटलं, मंगला गौरी, मला जमत नाहीये. तू बघ.

तेवढ्यात प्रयागहून खांद्यावरच्या कावडीत गंगाजल घेऊन चाललेला एक कांवरिया थांबला. पन्नाशीचा, अनवाणी, पायाला पट्ट्या.

"का हुआ, भइया?"

"करंट नहीं आ रहा, चच्चा."

तो वाकला आणि थबकला. कावड जमिनीला टेकवायची नसते. "नहाए हो?"

"हाँ."

"साबुन से?" त्याच्या या प्रश्नावर ताई हसली. तो म्हणाला, "तो थामो. जमीन छू गई तो हम फिर प्रयाग जाएँगे, और तुम भी साथ चलोगे."

मी कावड घेऊन उभा. हात अडकलेले, पाना त्याच्याकडे. "चच्चा, वो कॉइल..." "चुप! बम-बम बोलो." मी गपगुमान बम-बम करत राहिलो. तो वायरीवर बोट फिरवत फिरवत गणपतीपाशी आला.

"गणेशजी को बीच में काहे बइठा दिए? तार को नंगा लोहा चाहिए."

त्यानं शेंदूर बोटानं निपटून आधी माझ्या कपाळाला लावला. मग लोखंड चमकेपर्यंत जागा खरवडली, वायर कसली. "मारो किक, बिटिया!" ताईनं पदर खोचला, किक मारली. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी तडतडली.

कावड परत खांद्यावर घेऊन तो गर्दीत निघून गेला. नाव विचारायचं राहिलं. ताईची सही अकराला दहा मिनिटं कमी असताना झाली. तो कोण होता यावर मी वाद घालत नाही. गाड्या कळणारा माणूस होता, एवढं नक्की. पण त्याला तिथंच, तेव्हाच थांबवलं कुणी, हे मला कळत नाही, आणि त्या न कळण्याला मी रोज हात जोडतो. मी दोन तास धडपडलो, काही झालं नाही. दहा मिनिटं दुसऱ्याचं पाणी सांभाळत नुसता उभा राहिलो, आणि झालं.