गावदेवीचा पासवर्ड

आमच्या महाडात दुकानोदुकानी राउटर बसवणारा तो नाते गावचा माणूस. राउटरला हात लावण्याआधी चपला काढायचा, म्हणून मीही भुललो आणि माझ्या दुकानात त्याच्याकडूनच राउटर बसवून घेतला.

"टेन्शन नाय साहेब, पासवर्ड आमच्या गावदेवीचं नाव हाय."

पुढे पोलादपूरला माझ्या एका गिऱ्हाइकाच्या दुकानात यानंच बसवलेला राउटर दिसला; मी गंमत म्हणून तेच नाव टाकलं, तर नेट चालू! म्हणजे माझं नेटही असंच कुणालाही खुलं. माझं डोकंच फिरलं. तडक त्याच्या दुकानात गेलो.

"सगळ्यांना एकच पासवर्ड?"

"देवी सगल्यांचीच हाय ना, साहेब."

मी तिथंच लॅपटॉप काढून त्याच्या राउटरला देवीचं नाव टाकलं. चालेना.

"आपला येगला हाय," म्हणाला आणि नवा राउटर घेऊन पुढच्या दुकानाकडे निघाला. तिथंही लेकाचा आधी चपलाच काढणार!