गोल भोकाचा बिल्ला

अंबरनाथच्या बबनदादा सोनकांबळ्यांनी एखादं नाणं हातात घेऊन "नक्कल" म्हटलं, की ती काळ्या दगडावरची रेघ. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या टूलरूममध्ये तेहतीस वर्षं ठसे घडवलेला माणूस. धातू ठोकलेला की ओतलेला, हे त्यांना अंगठा फिरवूनच कळायचं. रिटायर झाल्यावर दर रविवारी ते उल्हासनगरात, एका सिंधी शेठच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात स्टूल टाकून बसत. दोन हजार चारच्या सुमारास शौकिनांमध्ये जुन्या खाणींच्या बिल्ल्यांना भाव आला होता, आणि भाव आला की नकला येतातच. शेणात पुरून म्हातारे केलेले बिल्ले लोक आणत आणि दादा त्यांना आल्या पावली परत पाठवत. याबद्दल ते फक्त एक कटिंग चहा घेत. मान मात्र फुल लागायचा.

"आधी भोक बघा, शेठ," ते शिकवत. "कामगार खाणीत उतरताना बिल्ला घेऊन जायचा, वर आला की फळीवरच्या खिळ्याला लावायचा. रोजची घाल-काढ. भोक वरच्या अंगाला झिजून लांबट होतं. नक्कल कधी खिळ्याला लागलेलीच नसते, तिचं भोक गोल."

एका रविवारी यशोधराबाई आल्या. अंबरनाथच्याच, दादांच्या ओळखीतल्या, साठीच्या, शाळेत शिपाई म्हणून नोकरी केलेल्या. रुमालाच्या गाठीतून त्यांनी पितळेचा बिल्ला काढला.

"जय भीम, दादा. आमच्या आबांचा, वडलांचा आहे. सोन्याच्या खाणीत होतो म्हणायचे, इंग्रजांच्या वेळेला, म्हैसूरकडं. सगळे हसायचे. आईच्या गळ्यात सोन्याचा मणी नाही आणि हे म्हणे सोन्याच्या खाणीत! आमचा मुलगा मिलिंद तर तोंडावर थापाड्या म्हणायचा, हा बिल्ला बाजारातून आणलाय म्हणायचा. आबा गेले. खरं काय ते एकदा कळू दे."

दादांनी भोक पाहिलं. कंपासनं काढल्यासारखं गोल.

"नक्कल," ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली, "बरं," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. बिल्ला काउंटरवरच राहिला.

तो परत करायचा म्हणून दादांनी उचलला, आणि सहज पालथा केला. पुढून ठोकलेले आकडे पाठीवर उलटे उमटले होते. ४१७. एकेक आकडा हातोडीनं वेगळा ठोकलेला, सात जरा कलंडलेला, कारण शेवटचा घाव देताना ठोकणाऱ्याचा हात थकलेला. असे घाव दादांनी हजारो घातले होते. ओतलेल्या नकलेची पाठ सपाट असते. कडेवर सांधा नाही, बुडबुडे नाहीत. बिल्ला शंभर टक्के अस्सल होता. मग भोक गोल का?

कारण दादांच्या ध्यानात आलं. बिल्ला खरा होता, पण खिळ्याला तो चार-आठ दिवसच लागला होता. म्हाताऱ्यानं तरुणपणी खाणीतून पळ काढला होता.

आता सांगायचं कसं? नुसतं "खरा आहे" म्हणून मोकळं होता आलं असतं. पण अर्धं सांगणं दादांच्या हाडात नव्हतं. रिक्षा करून ते बाईंच्या घरी गेले आणि दारातच म्हणाले, "ताई, मी चुकलो." उभ्या जन्मात हे वाक्य त्यांनी बायकोलाही ऐकवलं नव्हतं.

"बिल्ला खरा आहे. तुमचे आबा खाणीत होते. पण..." त्यांनी भोकावर बोट ठेवलं. "फार दिवस नव्हते. आठवडाभर, फार तर. मग बिल्ल्यासकट पळाले असणार."

यशोधराबाईंनी बिल्ला हातात घेतला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत की हसतायत, दादांना कळेना. दोन्ही होतं.

"दादा, आमचे आबा अंधाराला किती घाबरायचे, माहितीय? लाइट गेली की मला हाक मारायचे, 'यशे, माझ्याजवळ बस.' रात्री संडासला जायचं तर आईला दाराशी उभं करायचे. मरेपर्यंत." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तो माणूस जमिनीच्या पोटात उतरला होता. एक दिवस जाऊन दुसऱ्या दिवशी परत उतरला होता!"

आणि चहाचं आधण तसंच गॅसवर ठेवून त्या आधी मिलिंदला फोन लावायला गेल्या.