बेल-भंडारा उचलल्यावर

माझी सासू खवट होती, हे आधीच सांगते, म्हणजे कुणी तिला देवी करून बसवायला नको. पन्नास सालानंतरचे दिवस. पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते, पण चाकणजवळच्या आमच्या गावातल्या बायका मुकादमाच्या वखारीत कांदे निवडायलाच जायच्या. सासूही जायची. मला मात्र नेत नसे. "घरात काय दिवे लावलेस, ते वखारीत लावशील?" म्हणायची.

त्या मुकादमाने वखारीत गावातल्या एका तरुण सुनेवर बळजबरी केली. ती गप्प बसली नाही, चौकीवर गेली. पुण्याच्या कोर्टात खटला उभा राहिला, पण तिच्या बाजूने साक्षीला कोणी नव्हतं. तेव्हा माझी सासू आणि एक विधवा पुढे झाल्या. "आमच्यासंगंबी त्यानं ह्येच केलंय. आमी सांगू." सासू मला का नेत नव्हती, ते मला तेव्हा कळलं. माझीच मला फार लाज वाटली, आणि तिच्याबद्दल माया दाटून आली.

आमच्याकडे खरंखोटं खंडोबासमोर ठरतं. म्हणून कोर्टात जाण्याआधी तिघींनी मिळून देवळात, भर गावासमोर, बेल-भंडारा उचलला आणि झालेलं सगळं सांगितलं. भंडारा उचलून खोटं बोललं तर निर्वंश होतो. गावात कुणालाच शंका उरली नाही.

कोर्टात सासू पिंजऱ्यात उभी राहताच मुकादमाचा वकील उठला. या बाईचं काय झालं, त्याचा हा खटला नाही म्हणाला. शिवाय तिघी आधी देवळात जमून, काय बोलायचं ते ठरवून आल्या आहेत. नाही म्हणणार कसं? सगळ्या गावाने पाहिलं होतं. जज्जसाहेबांनी तिला खाली उतरवलं. मुकादमाचं मागचं काढायचं नाही, असा कायदा म्हणे. त्या पोरीचं मागचं मात्र चाललं. लग्नाआधी विहिरीवर कुणाशी बोलायचीस, कुणाच्या गाडीतून जत्रेला गेलीस, वकील विचारत राहिला आणि सगळे ऐकत राहिले.

मुकादम सुटला.

घरी सासऱ्यांनी सासूच्या हातचं पाणी टाकलं. थोरले दीर तिला म्हणाले, "खोटं व्हतं म्हण, मिटंल."

"भंडारा उचललाय म्या," ती म्हणाली.

"म्हंजे खरंच हाय," सासरे म्हणाले आणि तिला तळेगावकडे तिच्या भावाच्या दारात सोडून आले. गाडी माझ्या नवऱ्याने जुंपली.

कांद्याचा हंगाम आला. सासूचा रोजगार बुडाला होता. सासऱ्यांनी मला बोलावून वखारीत जायला सांगितलं.

"मामंजी, तिथं मुकादम हाय," मी म्हणाले.

ते तंबाखू मळत होते. मान वर न करता म्हणाले, "कोर्टानं निर्दोष सोडलाय न्हवं त्याला? मग तुला कशाचं भ्या?"