पोर वाहायची पिशवी

पिशवीच्या बुडाला दोन भोकं होती. आमच्या शिवणकामाच्या गाळ्यात पहिला नमुना आला तेव्हा आम्ही सात बायकांनी तो उलटासुलटा करून पाहिला. जिच्यातून सामान खाली पडणार अशी पिशवी शिवायची कशाला, हे एकीलाही कळेना.

"कुत्र्याची असेल गं," माझ्या शेजारच्या मशीनवरची म्हणाली. "मढला बंगल्यांवर शूटिंगवाल्या बायका कुत्री पोटाशी धरून हिंडतात ना, तसल्यांची."

"कुत्र्याला पाय चार. भोकं दोनच आहेत," समोरची म्हणाली.

"मग पुढचे दोन वर करून बसत असेल. तुझा नवरा नाही का बसत घरात, तसं."

सगळ्या हसल्या. कापड बेतणारा मास्टर उत्तरेकडचा होता, त्याने कात्री टेबलावर आपटली. "बच्चे का है, बाई लोग. बच्चा अंदर, पैर बाहर. अब दिमाग मत लगाओ, सिलाई लगाओ."

पोर पोटाशी बांधायचं, त्याचे पाय भोकांतून बाहेर काढायचे आणि आपले दोन्ही हात मोकळे. माल परदेशात जाणार होता. बाकीच्या बायकांना गंमत वाटली. मला राग आला. तिकडच्या बायकांसाठी कोणीतरी डोकं लावून ही वस्तू केली होती. आमच्याकडे पोर वाहायची पिशवी आधीपासूनच होती. तिला थोरली मुलगी म्हणतात.

मी स्वतः तशी पिशवी होते. गावी चौथीचा निकाल लागला, मी पास झाले, आणि दुसऱ्या दिवशी आईने धाकटा भाऊ माझ्या कडेवर दिला. "एक वर्ष सांभाळ," म्हणाली. तिला शेतावर जायचं होतं, तिचंही खरं होतं. पण ते एक वर्ष काही संपलं नाही. तो चालायला लागला तोवर दुसरा आला. मी चांगली वाचायची, गणितात तर वर्गात पहिली, पण ते कोणी विचारलं नाही. सतत डाव्या कडेवर पोर घेऊन माझी कंबर डावीकडे गेली ती गेलीच. आजही माझ्या साडीचा काठ डाव्या बाजूला वर चढतो. लोकांना वाटतं, म्हातारीला धड नेसता येत नाही.

ऐंशी साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. आम्ही अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला चाळीत राहत होतो. नवरा कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता. दुपारी दोनला निघायचा, मध्यरात्री यायचा. सासूबाईंची बोटं वाताने वाकडी झालेली, चहाची कपबशी उचलायलाही त्यांना दोन हात लागायचे. मुलगी आठ वर्षांची, म्युनिसिपालटीच्या शाळेत तिसरीला. सकाळी सातची शाळा, साडेबाराला घरी. मुलगा सहा महिन्यांचा. आणि या पिशव्यांच्या ऑर्डरची घाई म्हणून आमच्या गाळ्यात सकाळी सातला मशीन सुरू व्हायची. मी साडेसहाला घर सोडायची.

म्हणजे सकाळचे सहा तास पोर कोण बघणार, एवढाच प्रश्न होता. घरात एक धडधाकट माणूस होता, दोन वाजेपर्यंत मोकळा. मी त्याला सांगितलं, साडेबारापर्यंत तुम्ही बघा, मग ती येईल शाळेतून.

"मला एका जागी बसवत नाही, तुला माहीत आहे," तो म्हणाला.

ते खरं होतं. आंघोळ झाली की तो नाक्यावर. कोणाचं रेशनकार्ड, कोणाची म्हातारी दवाखान्यात, मंडळाचा कॅरम, मंडळाची वर्गणी. साऱ्या मरोळचं बघायचा. फक्त घरातलं दिसायचं नाही.

सासूबाई कोकणातल्या, शेवटपर्यंत मालवणीच बोलल्या, मुलीला चेडू म्हणायच्या. म्हणाल्या, "बापयमाणसान पोर कडेर घेवन नाक्यार फिराचा? लोक हसतीत. घरात चेडू आसा मा? एक वरीस शाळा रवली तर काय आभाळ कोसाळतला?"

एक वर्ष. तोच शब्द. मी म्हटलं, "एक वर्ष म्हणजे किती, ते मला विचारा."

"तुझं काय वाईट झालं?" नवरा म्हणाला.

मी भांडी घासायला बसले. तोंड उघडलं असतं तर चाळ गोळा झाली असती.

दुसऱ्या दिवशी मी मास्टरकडे एक पिशवी मागितली. बकल वाकडं शिवलं गेल्याने नापास झालेली एक पडली होती. "ले जाओ," म्हणाला. नवऱ्यापुढे ठेवली. एका जागी बसवत नाही ना, मग पोराला घेऊन हिंडा. हात मोकळे, कॅरमसुद्धा खेळता येईल. परदेशी माल म्हटल्यावर त्याने ती लगेच चढवली. नाक्यावरची पोरं म्हणाली, "झकास! फॉरेनचा दिसतोय बाप." दोन दिवस तो छाती काढून फिरला.

तिसऱ्या दिवशी मी घरी आले तर मुलगा रडून रडून दमलेला. मानेपासून बेंबीपर्यंत लाल घामोळं. ऑक्टोबरचा उकाडा, आणि पिशवीला आत फोम, वर जाड नायलॉन. बर्फात राहणाऱ्या पोरांसाठी केलेली वस्तू ती, आमचं पोर तिच्यात शिजून निघालं होतं. आत हात घातला तर ओला झाला, आणि रबराचा वास.

"बघ, फॉरेनची पण नाही चालली," नवरा म्हणाला. त्याला वाईट वाटलं नव्हतं. सुटका झाल्यासारखा चेहरा होता.

मग मी स्वतः एक शिवली. जेवणाच्या सुट्टीत, गाळ्याच्याच मशीनवर. मास्टर डोळे वटारायचा, मी पाठ करून बसायची. आता माझ्या नातीला बाळ झालंय. ती मोबाइलवर पिशव्यांची चित्रं दाखवते. "आजी, यात हवा खेळते असं लिहिलंय." लिहायला काय जातं? मी तिला सांगितलं, कापडाला तोंड लाव आणि जोरात फुंकर मार. पलीकडे हाताला वारा लागला तर घे, नाही लागला तर दुकानदाराच्या अंगावर टाक. मी तेव्हा असंच केलं. सासूबाईंचं जुनं सुती लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, दुहेरी करून बैठकीला घेतलं. पाठीच्या बाजूला नवऱ्याची जाळीची बनियन कापून लावली. त्याला विचारलं नाही. पट्टे चांगले चार बोटं रुंद केले, अरुंद पट्टा खांद्यात रुततो. आणि भोकं ठेवलीच नाहीत. लोंबत्या पायांनी पोराच्या जांघा दुखतात. कडेवर बसतं तसं गुडघे वर करून बसेल अशी बैठक केली. दहा वर्षं कडेवर पोरं वागवली होती. ते कोणा साहेबाने मला शिकवायची गरज नव्हती. बकल नव्हतं, म्हणून पट्टे पाठीवर नेऊन गाठ मारायची.

मुलगा तिच्यात झोपलासुद्धा. नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हटलं, आता बोला. तो म्हणाला, "बरं बरं, बघतो."

सकाळी मी मुलीला गणवेश घालून, रिबिनी बांधून निघायची. संध्याकाळी आले की मुलगा ठीक, मुलगी गप्प. गणवेश रोज घडी घालून ठेवलेला. पंधरा दिवसांत तो मळला नाही, शाईचा डाग नाही, धुवायला पडला नाही. मला वाटलं, पोरगी शहाणी झाली. इतकी मूर्ख मी.

मग एक दिवस गाळ्यात बकलं संपली. नवी पेटी आली नव्हती. मास्टरने दहा वाजता सगळ्यांना घरी पाठवलं. मी चाळीत शिरले तर मुलगी आमच्या दारात उभी. घरातला फ्रॉक, केस सुटलेले, डाव्या कडेवर भाऊ. मला पाहून ती त्याला घाईघाईने खाली ठेवायला लागली, चोरीचा माल लपवावा तशी.

"शाळा सुटली लवकर?" मी विचारलं.

ती आत आजीकडे बघायला लागली.

"आजीकडे नको. माझ्याकडे बघ. कधीपासून जात नाहीस?"

"तू ही पिशवी शिवून आणलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, आईला सांगू नको, ती काम सोडेल आणि मग सगळ्यांची वाट लागेल."

मी शिवलेली पिशवी खिळ्याला टांगलेली होती. मी घडी घातली होती तशीच्या तशी.

सासूबाई आतून म्हणाल्या, "बोंब मारू नको. शेजारी आयकतत."

मी बोंब मारली नाही. मुलीला म्हटलं, गणवेश घाल. मुलाला उचललं, पिशवी घेतली आणि नाक्यावर गेले.

मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत कॅरम चालला होता. चौघं खेळणारे, बाकी बघणारे. माझा नवरा राणीवर नेम धरून बसला होता. मी मागून जाऊन उभी राहिले. म्हटलं, "उठा."

"अगं, तू कशी काय? हा एवढा डाव—"

"उठा म्हटलं ना."

तो उठला. इतक्या लोकांत बायकोशी भांडायची त्याची तयारी नव्हती, आणि माझी होती, हे त्याला दिसलं असणार. मी मुलगा त्याच्या छातीला लावला, पट्टे खांद्यांवरून पाठीवर घेतले आणि गाठ मारली. सुरगाठ मारली असती तर एक टोक ओढून सुटली असती. मी निरगाठ मारली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे त्याचा हात पोचत नाही.

"वहिनी, कितवा महिना?" एक जण म्हणाला. पत्रा हलेल इतके हसले सगळे.

"तुझ्या आईला विचार," मी म्हटलं. "तुला वागवून वागवून तिच्या कमरेचं काय झालंय ते."

त्याने कॅरमवर पावडर टाकायला घेतली.

नवरा दात आवळून म्हणाला, "सोड. लोक बघतायत."

"बघू देत. शाळेत चला. तुमच्या हाताने शाळा बुडलीय, तुमच्याच हाताने परत सुरू करा."

रस्ताभर तो पाठीमागे हात नेऊन गाठ शोधत होता. मुलगा मजेत होता, बापाच्या शर्टाचं बटण चोखत होता. मुलगी चार पावलं मागे. मी बोलले असते तर रडले असते, आणि ते मला त्याच्यासमोर करायचं नव्हतं.

वर्गाच्या बाई तरुण होत्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या छातीकडे पाहिलं, मग हजेरीपट काढला. "दोनदा निरोप पाठवला होता. आजी म्हणाल्या, मुलगी गावी गेली, आता येणार नाही. या आठवड्यात मी नाव काढणारच होते."

नवरा खाली बघत होता. आजी असं म्हणाल्या, हे त्यालाही ठाऊक होतं. मला नव्हतं.

"अर्ज लिहून द्या," बाई म्हणाल्या. "इतके दिवस का नाही आली, ते कारण लिहा."

तो बाकावर वाकला, मुलाचं डोकं मध्ये येत होतं. मुलाने दोनदा पेन धरलं. नवरा सातवी शिकलेला, अक्षर चांगलं. कारणापाशी थांबला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तब्येत ठीक नव्हती असं लिहू?"

"कोणाची?" मी म्हटलं. "खरं आहे ते लिहा. भाऊ सांभाळत होती म्हणून लिहा."

त्याने लिहिलं. सही केली. तेवढ्यात मुलाने पिशवी ओली केली आणि त्याच्या शर्टातून ओघळ खाली आला. बाईंनी तोंडाला पदर लावला. मला हसू आलं नाही.

मुलगी फळ्याजवळ उभी होती. बाई तिला म्हणाल्या, "पंधरा दिवसांचं सगळं लिहून काढायचं, कळलं? आणि अशी वाकडी काय उभी राहिलीस? सरळ उभी राहा बघू."

ती सरळच उभी होती.

बाईंच्या ते लक्षात आलं नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मुलीच्या स्कर्टच्या काठाकडे बघत होता. डावीकडे वर, उजवीकडे खाली. मग त्याने माझ्या साडीच्या काठाकडे पाहिलं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, तोवर त्याचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. काही बोलला असता तरी मी माफ केलं नसतं. आजही केलेलं नाही. आज तो नाही, हा भाग वेगळा.

त्यानंतर मुलगा दीड वर्षाचा होईतो रोज सकाळी ती पिशवी नवऱ्याच्या छातीला असायची. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, मलाही बरं गेलं. नाक्यावरच्यांना नवी गंमत मिळाली की ते ही विसरले. पुढे पुढे तर तो लोकांना सांगायला लागला की जाळी लावायची कल्पना त्याची. मुलगी दहावी झाली, मग नर्सिंग शिकली. तिची कंबर पुष्कळशी सरळ झाली, सगळी नाही.

पण मी साडेसहाला निघायची, म्हणून सकाळी त्याच्या पाठीवर गाठ मारायचं काम मुलीकडे होतं. शाळेला निघताना गणवेशात, दप्तर खांद्याला लावून, स्टुलावर चढून ती मारायची. तो रोज म्हणायचा, "सुरगाठ मार गं." ती मारायची आणि पळायची. साडेबाराला येऊन तीच सोडायची. तोवर ती सोडव म्हणून कोणाला सांगायची त्याला लाज वाटायची, आणि त्याच्या आईच्या बोटांत जोर नव्हता.

सुरगाठ कशी मारतात ते तिला येत नव्हतं. मी शिकवलीच नव्हती.