केशवराव दिवाणांची शिळा आणि बारवेवरची पाळी

आमचे सासरे बोलू लागले की फिरून फिरून एकाच माणसावर येतात: केशवराव दिवाण. मामांचे, म्हणजे सासऱ्यांचेच, ते खापरपणजोबा. निजामाच्या दरबारात त्यांच्या शब्दाला वजन होतं, पुण्याहून आलेले पेशव्यांचे वकीलही त्यांच्याशी जपून बोलत, हे आमच्या नगरकडे शाळेतली पोरंही सांगतात. त्यांची समाधी मात्र मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, बीड जिल्ह्यात वडवणीच्या पुढच्या माळावर, आणि तिच्यावर नाव नाही. हे मामांचं जुनं दुखणं. मामांना मुलगा नाही; एकच मुलगी, ती मला दिलेली. आपल्यामागे हे नाव घेणारं कोणी उरणार नाही, या भीतीनं त्यांची झोप उडालेली. म्हणून यंदा त्यांनी संगमरवरी शिळेवर नाव कोरून घेतलं आणि मला म्हणाले, "जावईबापू, निघायचं." तेही भर चैत्रात! नाही म्हणायची माझी काय बिशाद?

मोगलाईत जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. आपला इंग्रजी कलदार रुपया हद्दीवरच मोडून निजामाच्या हाली शिक्क्याचा खुर्दा जवळ ठेवावा, नाहीतर खेड्यातला दुकानदार नाणं उलटंपालटं करत बसतो आणि मीठमिरची काही देत नाही. नाक्यावर सामान उघडून दाखवावं लागतं. आमच्या गाडीत शिध्याची पोती, कडब्याच्या पेंढ्या आणि गोधडीत गुंडाळलेली शिळा.

"ये क्या है?" कारकुनानं विचारलं.

"दगड," मी म्हणालो. मामांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग त्यांनी स्वतः गोधडी सोडली आणि नाव वाचून दाखवलं. कारकून चक्क उठून उभा राहिला. "दिवान साहब का? इसपे कैसा महसूल, जाने दो." तिथून बीडपर्यंत मामा गाडीत ताठ बसून होते. रस्त्याला खड्डे किती, हे त्या दिवशी फक्त मला कळलं.

बीडात दिवाणांची कचेरी वेशीच्या आत आहे. दगडी कमान शाबूत, आत आता पोलिसांचे घोडे बांधतात. पाहायला काही मज्जाव नाही, फक्त जपून पाय टाकावा. गावात राहायला धर्मशाळा बरी, पाणी गोड. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो, कारण वडवणीच्या वाटेवरचा चढ उन्हात बैलांना झेपत नाही. आम्ही खाली उतरून मागून चालत गेलो. वर वडाखाली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि वारा असा सुटला की तिथून उठूच नये असं वाटलं. वडवणीला बाजाराचा दिवस होता. दिवाणांचा जिथे मुक्काम असे, त्या जागी आता गुळाच्या ढेपा मांडलेल्या दिसल्या. मामांनी तिथेही नाव सांगून पाहिलं. गूळवाला म्हणाला, "घ्यायचा हाय का गूळ?" आम्ही घेतला, गूळ उत्तम होता.

वडवणीपुढे माळावर बारव लागते. पायऱ्यांची मोठी विहीर, वर दगडी डोणी, बाजूला बाभळीखाली समाधीचा चौथरा. उन्हं चढली होती. धनगरांचे कळपच्या कळप पाण्यासाठी खोळंबले होते. आमची गाडी दिसताच एका धनगरानं डोणीत माना घातलेली मेंढरं काठीनं मागे सारली. "या, सोडा बैलं."

मामांना वाटलं, रक्ताची ओळख पटली. पागोटं नीट करत ते उतरले आणि म्हणाले, "मी केशवराव दिवाणांचा वंशज."

एक वयस्क धनगरीण पुढे आली. तिला सगळे भागाई म्हणत होते. "आसाल बाबा. आमी न्हाई वळखलं."

"मग आम्हाला आधी पाणी का?"

"दोनच बैलं हायती तुमची. ज्येची जनावरं थोडी, त्येनं आदी पाजायचं. बाबाचा हुकूम हाय." तिनं शेंदरानं माखलेल्या समाधीकडे हात केला. "लई वरसं झाली. दुष्काळात हितं डोकी फुटलती. तवा बाबानं हितं हुबं ऱ्हाऊन पाळी लावून दिलती."

"बाबाचं नाव काय?"

"बाबाच. नाव कावून लागतंय?"

मामांचा चेहरा उतरला. मला त्यांची फार दया आली. शिळा बसवायची तर चौथऱ्याच्या दर्शनी दगडावरचा शेंदूर खरवडावा लागणार होता. मामांनी छिन्नी मागितली तशी भागाई आडवी आली. "खरवडू नगा. त्येचं आंग हाय ते."

मामा पायरीवर बसून राहिले. तेवढ्यात कोणीतरी दोरीनं एक शेळी घेऊन आला. शेकडो मेंढरं पुन्हा मागे हटली. शेळीनं निवांत पाणी पिऊन मान वर केली, तोवर ना कोणी घाई केली ना ब्र काढला. मामा टक लावून पाहत होते. मग उठले, भागाईकडून चिमूटभर शेंदूर घेतला, तेलात कालवून चौथऱ्याला लावला आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

"शिळा?" मी विचारलं.

"गाडीत राहू द्या."

परतीला नाक्यावर तोच कारकून होता. "वापस?" शिळेकडे पाहत त्यानं विचारलं. मामांनी शिळेवर गोधडी नीट ओढून घेतली.

प्रवासाला जाण्यासारखी वाट आहे का, असं लोक विचारतात. आहे, फक्त चैत्र टाळावा. शिळा सध्या गोठ्यात भिंतीला टेकून उभी आहे.

आणखी एक. आमच्या गावच्या डोणीवर मामांची गुरं कायम आधी पाणी प्यायची, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी गंगूबाई आपली एकुलती गाय धरून नेहमीसारखी कडेला उभी होती. मामांनी आपली खिल्लारं स्वतः मागे ओढली. "गंगूबाई, तुमची गाय आधी."

ती घाबरलीच. "मालक, माझं काही चुकलं का?"

"नाही. ज्याची जनावरं थोडी, त्याची पाळी पहिली."

"हे कोणी ठरवलं?"

मी मामांकडे पाहिलं. केशवराव दिवाणांचं नाव घ्यायला याहून चांगली संधी त्यांना जन्मात मिळाली नव्हती.

"अशी रीत आहे," मामा म्हणाले, आणि गाय पाणी पिऊन होईपर्यंत खिल्लारांची वेसण धरून उभे राहिले.