दुधात पावडर टाकणारे डॉक्टर

"आपल्या गावात दुधात कपड्याची पावडर टाकणारा एकच माणूस हाय, आन् त्यो सरकारी डॉक्टर हाय." हे वाक्य माझं. नव्वदच्या दशकात आमच्या दूध संकलन केंद्राच्या रांगेत मी ते हसत हसत बोललो आणि एका भल्या माणसाला गावातल्या गोठ्यांची दारं बंद झाली. त्यात शब्दशः खोटं काही नव्हतं. म्हणूनच ते लवकर पसरलं, आणि म्हणूनच मला आजवर खुपतं.

डॉक्टर खरोखरच दुधात पावडर टाकायचे. ते गुरांचे डॉक्टर. नगर जिल्ह्यात, बेलापूरच्या अलीकडे आमचं गाव. कालव्याचं पाणी, सगळीकडे ऊस आणि घरटी एखादी तरी जर्सी गाय. डॉक्टरांच्या मोटरसायकलला एक पिशवी लटकलेली असे. तिच्यात घासून गुळगुळीत केलेल्या चार करवंट्या आणि साबणाच्या पावडरचं पाणी भरलेली बाटली. गाईच्या चार सडांचं दूध चार करवंट्यांत घ्यायचं, प्रत्येकीत तेवढंच पावडरचं पाणी ओतायचं आणि करवंटी गोल फिरवायची. चांगलं दूध पातळच राहायचं. एखाद्या सडाला दगडी होऊ घातली असेल तर ते दूध बघता बघता अंड्यातल्या पांढऱ्यासारखं घट्ट व्हायचं. डॉक्टर त्यात काडी बुडवून वर उचलायचे. लांबलचक तार निघायची, आणि त्यांचा चेहरा असा खुलायचा की गाय आजारी आहे हे घरचे क्षणभर विसरून जायचे.

दगडी म्हणजे कासेची सूज. कास दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात, वेळेवर लक्ष दिलं नाही तर सड कायमचा जातो. "डोळ्यांना दिसायच्या आधी ती करवंटीत दिसते," असं डॉक्टर सांगायचे. "अंगात कुठंही जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडं धाव घेतात. या सडात त्यांची जत्रा भरलीय. साबणानं त्या फुटतात, पोटातला डीएनएचा धागा बाहेर येतो. हाच तो."

"म्हंजी धागा आमच्या गाईचाच?" माझी आई एकदा संशयानं म्हणाली.

"तुमच्याच गाईचा, मावशी. मी घरून आणत नाही."

स्वतः मात्र ते कधी धार काढत नसत. "तुमच्या हातानं पिळा, तुम्हीच फिरवा," असं घरातल्या बाईला सांगायचे आणि खिशात हात घालून उभे राहायचे. "डॉक्टर लई आळशी," असं आई म्हणायची. त्याचं कारण त्यांनी मला फार उशिरा सांगितलं, तेही हसत. ते पारनेरकडच्या बौद्ध घरातले. आमच्या गावात नवे असताना एका घरी त्यांनी स्वतः धार काढली होती. निघताना मोटरसायकल वळवली, तर घरची बाई ती अख्खी चरवी मोरीत ओतताना दिसली. त्यानंतर त्यांनी कुणाच्या दुधाला हात लावला नाही. "फायदा माझाच झाला की," ते म्हणाले. "तुमच्या गावातल्या बायका करवंटी फिरवायला शिकल्या. मी पोचायच्या आत निकाल लावून बसायच्या. मला फक्त सही करायचं काम उरलं!"

त्यांचं दुसरं पालुपद होतं, "आधी कास मोकळी, मग सुई." औषध सोडण्याआधी ते दुखरा सड पुन्हा पुन्हा पिळून आतल्या गाठी, चिकटा, सगळं काढायला लावत. लोकांना तेवढा दम नसे. एक म्हातारबा तर हटूनच बसले. "डॉक्टर, सुई मारा. सुई मारल्याबिगर डॉक्टर आल्यासारखं वाटत न्हाई."

"मग तुम्हाला मारू का?" डॉक्टर म्हणाले. "गाईला जरा वेळ आहे."

तेव्हा मी दूध केंद्राचा सचिव होतो. वय पंचविशीचं आणि रुबाब त्याहून मोठा. दगडीचं दूध केंद्रावर आणू नका, असं रोज लोकांना बजावणारा मीच. आणि एके दिवशी माझ्याच गाईच्या करवंटीतून तार निघाली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, "औषध संपल्यावर सुद्धा काही दिवस हिचं दूध केंद्रावर नको. कुठल्याच सडाचं."

संध्याकाळी मी रिकाम्या हातानं केंद्रावर गेलो. रांगेतून कुणीतरी टोकलं, "काय सचिव, आज तुमची किटली न्हाई?" गाईला दगडी झाली असं सरळ सांगता आलं असतं. पण सचिवाच्या गोठ्यात दगडी, हे मला कमीपणाचं वाटलं. मग दोष डॉक्टरांच्या पावडरवर ढकलत मी ते वाक्य बोललो. रांग खदाखदा हसली. मलाही बरं वाटलं.

सकाळपर्यंत त्यातलं हसू गळून गेलं आणि वाक्य तेवढं उरलं. त्याच सुमारास दुधात पावडर मिसळून भेसळ करतात अशा बातम्या येत होत्या. 'डॉक्टर दुधात पावडर टाकतो' याचा 'डॉक्टर भेसळ करतो' व्हायला वेळ लागला नाही. शिवाय या डॉक्टरांबद्दल वाईट ऐकायला काही कान आधीपासूनच तयार होते. ते का तयार होते, हे मला तेव्हाही कळत होतं. लोक गोठ्याच्या दारातच डॉक्टरांना सांगू लागले, "आमची गाय बरी हाय, तुमी जावा."

आमच्या शेजारच्या वत्सलावहिनींची एकुलती एक गाय त्याच आठवड्यात दगडीनं धरली. नवरा वारलेला, घर त्या दुधावर. त्या डॉक्टरांना बोलवायला निघाल्या, पण दिरानं अडवलं. "पावडरवाला आपल्या गोठ्यात नको." गाय वाचली, पण दोन सड कायमचे गेले. आमच्या मधे फक्त एक कुंपण होतं. मी त्यांची घालमेल ऐकत होतो आणि गप्प होतो.

मग एका सकाळी डॉक्टरच करवंट्या घेऊन केंद्रावर आले. "ज्याच्या गाईला दगडी आहे, त्यानं वाटीभर दूध आणावं. पावडर का टाकतो ते सगळ्यांसमोर दाखवतो." कोण कबूल करणार? शेवटी रांगेतलंच चांगलं दूध घेऊन त्यांनी करवंटी फिरवली. अर्थात काही झालं नाही.

"काईच हुत न्हाई, तर पावडर टाकता कशाला?" एकानं विचारलं आणि पुन्हा हशा झाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझी गाय अजून औषधावर होती. घर केंद्रापासून हाकेच्या अंतरावर. मी कॅनमध्ये लॅक्टोमीटर बुडवून दुधाची डिग्री बघत राहिलो. डॉक्टरांनी करवंट्या विसळल्या आणि म्हणाले, "दूध चांगलं आहे तुमच्या गावाचं. माझी पावडर वाया गेली." पुढे त्यांची बदली राजूरला झाली. गावानं निरोपाचा चहासुद्धा केला नाही.

बरीच वर्षं गेली. ते निवृत्त होऊन नगरला राहतात असं कळलं, तेव्हा मी धीर करून गेलो. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी हात धरून बसवलं. "अरे सचिव, आपला तो धागा! त्याचं नवीनच कळलंय!" त्यांची मुलगी डॉक्टर, तिनं त्यांना सांगितलं होतं. "पेशी फुटते म्हणून धागा सांडतो, असं आम्ही शिकलो. करवंटीत ते खरंच आहे, तिथं साबण फोडतो. पण अंगात काही पेशी तो धागा आपणहून बाहेर फेकतात. जाळं टाकतात, जाळं! जंतू त्यात अडकतात. आणि आपण त्याला नुसती घाण म्हणत होतो."

"म्हंजी जाळं चांगलंच की."

"वेळेवर आवरलं तर! साचून राहिलं की तेच दुखणं. रक्तात राहिलं तर गुठळीला आधार देतं, फुप्फुसात राहिलं तर बेडका चिकट करतं. एका आजारात तर तो धागा तोडायचं औषध रुग्णाला वाफेतून देतात. बाकीच्या आजारांवर शोध चाललाय. आधी कास मोकळी असं मी का म्हणायचो, ते मला आत्ता नीट कळतंय. म्हणजे बरोबर करत होतो, फक्त का ते माहीत नव्हतं!" आणि ते पोट धरून हसले.

"अहो, त्यांना चहा तरी पिऊ द्या," आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

चहा थंड झाला होता. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. रांग, किटली, ते वाक्य.

"मला माहीत होतं," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"मग त्या दिवशी केंद्रावर माझं नाव का न्हाई घेतलं?"

"तुझी गाय माझी पेशंट होती. पेशंटचं दुखणं रांगेत सांगतात का?" मग म्हणाले, "पण माझी माफी मागून काय उपयोग, सचिव? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. जिथं बोललास तिथंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रावर गेलो. रांगेत काही जुनी माणसं होती, बरीचशी त्यांची मुलं. वत्सलावहिनी किटली घेऊन मधे उभ्या होत्या. मी ओट्यावर चढलो आणि उगाच कॅन सरकवू लागलो.

"बोला की सचिव," मागून कुणीतरी ओरडलं, "दूध नासंल तंवर!"

मी बोललो. "वहिनी, तुमी समद्यांत आधी ऐका. पावडरवाल्या डॉक्टरांनी दुधात भेसळ कधीच केली न्हाई. ते दगडी तपासत हुते. त्या दिवशी दगडी माझ्या गाईला हुती, ती झाकायला मी त्यांच्यावर हसलो. तुमच्या गाईचे दोन सड माझ्यामुळं गेले. डॉक्टर या गावातनं मान खाली घालून गेले, ते बी माझ्यामुळं. माझं चुकलं. मला माफ करा."